डूटीमामूंची सवलत

मामू कुणाच्याही घरी चहाला गेले, की आधी कप उलटा करून त्याच्या बुडाला काय लिहिलंय ते बघायचे. कपात चहा असला तर उलटा करता येत नाही. मग ते कप डोक्याच्या वर धरायचे, मान मागे टाकायचे आणि खालून वाचायचे. चहा दाढीवर सांडला तरी वाचून होईपर्यंत कप खाली यायचा नाही. कप विलायती निघाला तर दाढी पुसून, बिस्मिल्ला म्हणून, खुशीत प्यायचे. जपानी निघाला तरी प्यायचेच, पण यजमानाकडे असे बघायचे, जणू त्याच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय आणि कुणी बोलत नाहीये.

मी लग्न होऊन कुवेतला आले आणि पहिल्यांदा त्यांना चहा दिला, तेव्हा त्यांनी तो असाच वर धरला. मला वाटलं, माशी पडली. मी कप परत घ्यायला हात पुढे केला. मुमानी, म्हणजे मामूंची बायको, चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घाबरू नको गो. ह्यांना चहा नाय बघायचा, बूड बघायचंय. माझ्या लग्नात माझं तोंड बघायच्या आधी पाणी दिलेल्या पेल्याचं बूड बघितलंन ह्यांनी."

"विलायती होता पेला," मामू म्हणाले. "म्हणून तर पुढे बोलणी केली."

मामू म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे मामू. कुवेतच्या हवल्ली भागात त्यांनी एक जुनं अरबी घर भाड्यानं घेतलं होतं. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या, आणि प्रत्येक खोलीत कोकणातलं एखादं बिऱ्हाड नाहीतर दोन-चार सडे बाप्ये. कुणी तेल कंपनीत फिटर, कुणी स्वयंपाकी, कुणी शिंपी. आमचे हे मामूंच्याच दुकानात होते, आणि आम्हाला खोलीही मामूंचीच. त्या घरात मामूंना सगळे डूटीमामू म्हणायचे. आमच्यात जकात म्हटलं की रमजानात गोरगरिबांना द्यायची ती जकात, म्हणून बंदरावर मालावर बसते तिला मामू नेहमी डूटी म्हणत, आणि तो शब्द त्यांच्या तोंडात दिवसभर असायचा.

तरुणपणी मामू मुंबईच्या गोदीत होते. परदेशातून बोटीनं आलेला माल सरकारची डूटी भरून सोडवून आणायचा, असं त्यांचं काम. तेव्हा इंग्रजांचं राज्य. विलायतेहून आलेल्या मालाला डूटी कमी लागायची, दुसऱ्या देशांच्या मालाला जास्त, आणि जपानी मालाला तर अशी दणदणीत की तो मुळात स्वस्त असला तरी बंदरातून बाहेर पडेपर्यंत विलायतीच्या बरोबरीला यायचा. मामूंना हे फार न्यायाचं वाटायचं. मला चौथीपर्यंतच शाळा, पण मामूंनी मला हे जेवढं समजावलं तेवढं मास्तरांनी कधी काही समजावलं नाही. मी समोर बोलत नसे, मान हलवत असे, म्हणून त्यांना मी आवडत असे.

"हे बघ पोरी," ते सांगायचे, "हिंदुस्तान म्हणजे लेक, विलायत म्हणजे आई. लेकीनं आईकडचा माल घ्यायचा, आईनं लेकीकडचा घ्यायचा. दोघींनी एकमेकींना सवलत द्यायची. तिसरा कोण मधे आला, तर त्याला दारातच दाबायचा. घर कसं चालतं, तसंच राज्य चालतं."

मुमानी तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणायच्या, "म्हणजे शेजारीण स्वस्त कापड देतेय, तरी लेकीनं तां घ्यायचं नाय. आईनं तिच्या गळ्यात मारलेलंच महाग कापड नेसायचं. आमच्यात असल्या आईला सासू म्हणतात."

"पण आई लेकीचा चहा सवलतीत घेते, तां सांग ना तिला!"

"घेईल नायतर काय करील? तिच्या परसात पिकतो काय चहा?"

यावर मामू टोपी घालून दुकानात निघून जायचे.

हे दुकान बाजारात होतं, आणि त्याची सगळी गोष्ट मामूंच्या एका हिशेबावर उभी होती. लढाई संपल्यावर ते नशीब काढायला कुवेतला आले. पाहतात तर शेखांचं राज्य, पण शेजारी इंग्रजांचा प्रतिनिधी बसलेला, तेल इंग्रजांच्या हातात, वाळवंटात इंग्रज मॅडम टोप्या घालून फिरताहेत, आणि बाजारात आपले हिंदुस्तानचेच रुपये चालताहेत. मामूंनी मनाशी ठरवलं, की इंग्रज जिथे, तिथे विलायती मालाला सवलत असणारच. आज नसली तर उद्या येणार. आपण आधीच विलायती मालाचं दुकान टाकून बसावं. ज्या दिवशी जपानी मालावर डूटी बसेल, त्या दिवशी सगळा बाजार आपल्या दारात.

ती डूटी काही बसली नाही. कुवेतच्या बंदरात जो माल उतरेल त्याला एकच हलकी डूटी, मग तो कुठूनही येवो. शेजारच्या इराण्याच्या दुकानात जपानी कपबश्या, जपानी टॉर्च, जपानी थर्मास अशा भावात मिळायचे की लोक रांग लावायचे. आमच्या दुकानात विलायती कपबश्या पेंढ्यात झोपलेल्या असायच्या. आमचे हे रोज त्यांच्यावरची धूळ झटकायचे, आणि कुवेतची धूळ रोज परत यायची. मामू मात्र निश्चिंत. बोटीवरून नवा कुणी उतरला की त्याला विचारायचे, "काय, डूटीचं काय ऐकलंस?" लोक पावसाची, बाळंतपणाची, पगाराची वाट बघतात. आमचे मामू डूटीची वाट बघायचे.

बाजारात डूटी बसेना, म्हणून की काय, मामूंनी ती घरात बसवली.

आमच्या घराची रीत अशी, की देशातून कुणी बोटीनं आला की तो आपल्याबरोबर सगळ्यांची गाठोडी आणायचा. लोणचं, आमसुलं, सुकट, पापड, कुळथाचं पीठ, असलं सगळं. मामू घराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक गाठोडं सोडायला लावत. त्यातला थोडा वाटा काढून घ्यायचा, तो शुक्रवारच्या सगळ्यांच्या जेवणासाठी. ही मामूंची डूटी. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण मामूंच्या स्वतःच्या गावचा माल असेल तर एक मूठ, आणि दुसऱ्या कुठल्याही गावचा असेल तर निम्मा. "आमचं गाव ह्या घराची आई," असं त्यांचं म्हणणं. माझं माहेर त्यांच्या गावासमोरच, खाडीच्या अलीकडे. होडीनं पलीकडे जायला पान खाऊन संपतं एवढाच वेळ. पण मामू माझ्या माहेराला जपान म्हणायचे. "जपानहून काय आलंय बघू," असं म्हणत माझ्या आईच्या लोणच्याच्या बरणीतलं निम्मं लोणचं काढून घ्यायचे, आणि मी पदर तोंडाला लावून उभी राहायची.

एकदा मुमानींना माझी दया आली. बोटीवरून येणाऱ्या माणसाला त्यांनी आधीच निरोप धाडला, की हिची बरणी माझ्या माहेरची म्हणून दाखव. मुमानींचं माहेर मामूंच्याच गावात. बरणी एक मूठ देऊन सुटली. ही युक्ती कुणाला कळवली नव्हती, पण अंगणाला कान असतात. पुढच्या बोटीला दापोलीचे पापड मामूंच्या गावचे झाले. त्याच्या पुढच्या बोटीला श्रीवर्धनची सुपारी मामूंच्या गावची झाली. मग मालवणचं सुकट, गुहागरचे आंबे, सगळं त्याच गावात पिकायला आणि वाळायला लागलं. मालवणी स्वयंपाकी तर गाठोडं पुढे करून मामूंच्या गावच्या मशिदीची खुशाली सांगायचा.

मामू हरखून गेले. "बघितलंस?" ते ह्यांना म्हणाले, "सवलत दिली की माल कसा वाढतो! आमच्या गावाहून एवढं कधी येत नव्हतं. लोकांना आता आमच्याच गावची चव लागली."

हे म्हणाले, "हो ना, मामू." आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले. बाहेर त्यांचं हसणं ऐकू आलं.

हे असं हसतखेळत चाललं होतं, तोवर दुकानाचं अवघड झालं. दुकानात मामूंचा एक कुवेती भागीदार होता. जागा त्याची. सगळे त्याला अबू सालेम म्हणत. तरुणपणी तो बापाच्या गलबतावरून मुंबईला जाऊन राहिलेला, त्यामुळे हिंदुस्तानी चांगलं बोलायचा. भला माणूस. एका शुक्रवारी तो आमच्या अंगणात येऊन जेवला, हात धुतले, आणि मामूंना म्हणाला, "मामू, तुम आदमी बहुत अच्छा. दुकान बहुत खराब."

"थोडा सबर करो, अबू सालेम," मामू म्हणाले. "डूटी आयेगी."

"कौन लायेगा?"

"इंग्रज."

अबू सालेमनं आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, की ईदपर्यंत थांबतो. ईदनंतर दुकानात जपानी माल भरायचा, नाहीतर जागा एका लेबनानी शिंप्याला द्यायची. शिंपी आजच जास्त भाडं द्यायला तयार आहे. मामूंनी मान्य केलं तर माल अबू सालेमच उधारीवर आणून देईल, त्याची काळजी नको. पण हे पेंढ्यात झोपलेले कप आता पुरे.

तो गेल्यावर अंगणात जो तो हिशेब करू लागला. दुकान गेलं म्हणजे ह्यांचं काम गेलं, मामूंचं घर गेलं, आणि आम्ही सगळे पहिल्या बोटीनं परत. माझ्या पोटात तेव्हा थोरला होता. मुमानी मामूंना म्हणाल्या, "आण ना जपानी माल. काय होतंय?"

"जन्मभर ज्याला दारात दाबला, त्याला आता मी मांडीवर घेऊ?" मामू म्हणाले. "आणि मी आणला, नि दुसऱ्या दिवशी डूटी बसली म्हणजे?"

रमजान सुरू झाला. मामू रोज दुकानात जायचे, रोज तसेच परत यायचे. आमचे हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी मनात म्हणायची, या अल्ला, इंग्रज बसवत नाहीत तर तू तरी डूटी बसव.

ईदला थोडे दिवस उरले असताना मुमानी मला कापड घ्यायला बाजारात घेऊन गेल्या. ऊन लागलं म्हणून दुकानात टेकलो. मी पेट्यांच्या मागे बसले. तेवढ्यात दाराशी गाडी थांबली आणि एक इंग्रज मॅडम आत आली. पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

मामू खाडकन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला होता की मला वाटलं डूटीच चालत आली. मॅडम हिंदुस्तानात राहिलेली असावी, कारण तिनं हिंदुस्तानीतच विचारलं, "चाय का सेट है?"

"है मॅडम! आपके मुलुक का है!" मामूंनी सगळ्यात सुंदर सेट काढला. निळी नक्षी, सोनेरी काठ. त्यांनी स्वतः फुंकर मारून धूळ उडवली, आणि कप उलटा करून तिला वाचायला दिला.

मॅडमनं वाचलं, हसली, आणि किंमत विचारली. किंमत ऐकून कप खाली ठेवला. "जपानी नहीं है?"

मामूंना ऐकूच आलं नसावं. ते म्हणाले, "मॅडम, ये आपका मुलुक का."

"हां हां, देखा. मगर महंगा है. नौकर लोग तोड़ता है. जपानी दिखाओ."

"मॅडम," मामू म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं, "आप भी?"

मॅडमला काय कळणार? तिनं थँक्यू म्हटलं आणि शेजारच्या इराण्याकडे गेली. थोड्या वेळानं त्याचा माणूस तिच्या गाडीत खोकं ठेवताना दिसला. मामू तो कप हातात धरून उभे होते. मुमानींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पेंढ्यात ठेवला.

संध्याकाळी रोजा सोडताना मामूंनी नुसता खजूर खाल्ला आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, "तिचा हात कुणी धरलान नव्हता."

"कुणाच्या?" मुमानींनी विचारलं.

"मॅडमच्या. मुंबईत लोक विलायती घ्यायचे, तवा मला वाटायचं, माल बघून घेतात. इथं तिला कोण अडवणार नाय, तर ती आपल्या मुलुखाचाच माल ठेवून गेली." मग मुमानींकडे वळले. "परवा बोट येतेय ना? परवा दारात डूटी नाय. कुणाच्याच मालाला नाय. पण कुठल्या गावचा तां खरं सांगायचं. डूटी नसली की कुठला माल किती येतो, तां मला बघायचंय."

मुमानींनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे, ह्यांनी छपराकडे.

बोट आली. दारात मामूंची खुर्ची नेहमीसारखी होती. पहिला आला तो मालवणी स्वयंपाकी. मामू म्हणाले, "डूटी माफ हाय. खरं बोल. कुठलं?"

त्यानं गाठोडं छातीशी धरलं. "खरंच माफ?"

"खरंच."

"मग मालवणचं."

"आणि मागच्या वेळचं?"

"तेही मालवणचंच, मामू. मी तुमचा गाव बघितलासुद्धा नाय."

"मशिदीची खुशाली सांगत होतास ती?"

"मशीद सगळीकडं असते, मामू."

पुढचा दापोलीचा, त्याच्या पुढचा श्रीवर्धनचा. प्रत्येक जण आपलं गाठोडं घेऊन पुढे यायचा, आपल्या गावाचं नाव सांगायचा, आणि मामूंची मान थोडी आणखी खाली जायची. अंगणात गाठोड्यांचा ढीग झाला. मुमानींनी माझी बरणी उचलून पुढे ठेवली. "ही जपानची. मागच्या सगळ्या पण जपानच्याच. मीच आणवल्या होत्या."

शेवटी मामूंनी विचारलं, "आणि आमच्या गावचं?"

एका फिटरानं खिशातून कागदाची पुडी काढली. मामूंच्या बहिणीनं भावासाठी आमसुलं पाठवली होती. तेवढीच.

मामू त्या पुडीकडे बघत राहिले. मी भ्याले. आता मामू ओरडणार, असंच सगळ्यांना वाटलं. मालवणी तर दाराच्या बाजूला सरकला होता. पण आधी मामूंचं पोट हललं, मग खांदे हलले, आणि ते असे हसायला लागले की टोपी पडली. "म्हणजे एवढी वरसं," त्यांना बोलता येईना, "एवढी वरसं आमच्या गावाहून हीच पुडी येत होती! आणि मी म्हणतोय माल वाढला!" मग डोळे पुसले, आणि ह्यांना म्हणाले, "गोदीत पण असंच असणार रे. माल वाढला, माल वाढला, असं साहेब म्हणायचे. दार एकालाच उघडं ठेवलंन, तर दुसरा कुठून येणार?"

ईदच्या दिवशी नमाज झाल्यावर अबू सालेम शीरखुर्मा खायला आला, तेव्हा त्याला वाटी देता देता मामू म्हणाले, "लाओ तुम्हारा जपानी."

माल आला. आता मामू दुकान कसं चालवतील, याची आम्हाला धास्ती होती, कारण त्यांना मालाची स्तुती करता यायची नाही. गिऱ्हाईकानं विचारलं, "कप चांगला आहे का?" तर म्हणायचे, "जपानी हाय. पडला तर फुटेल." "आणि तो विलायती?" "तोही फुटेल. पण जास्त दुःख होईल." लोकांना हे इतकं आवडलं, की इराण्याकडे जाणारे आमच्याकडे यायला लागले. थोरला झाला तेव्हा दुकान आमचंच होतं, खोली आमचीच होती, आणि पाळणा अबू सालेमनं दिला होता. विलायती सेटांची एक फळी मामूंनी राखून ठेवली. त्यातलेही अधूनमधून खपायचे, पण घेणारे कुवेतीच असायचे. इंग्रज कधी नाही.

पुढे रुपये गेले, दिनार आले. कुवेतचं रक्षण इंग्रजांनी करायचं, हा जुना करारही संपला आणि कुवेत आपलं आपण झालं. त्या दिवशी बाजारात झेंडे लागले होते. मामू घरी येऊन म्हणाले, "आता डूटीची वाट बघायला नको," आणि हुश्श करून बसले, खूप लांबून चालत आल्यासारखे. थोड्याच दिवसांत त्यांनी दुकान ह्यांच्या हाती दिलं आणि मुमानींना घेऊन देशात परत गेले. जाताना बरोबर एक कोरा जपानी टी-सेट घेतला.

त्या टी-सेटचं मुंबईच्या बंदरात काय झालं, ते मुमानींनी मला नंतर सांगितलं. आम्ही पहिल्या सुट्टीत मुलांना घेऊन त्यांना भेटायला गेलो होतो. मामू ओटीवर बाजल्यावर पडलेले, दम्यानं थकलेले. मुमानींनी त्याच कपांतून आम्हाला चहा दिला, आणि त्यांच्यासमोरच सुरू केलं.

"कस्टमचा पोरगा चांगला होता गो. म्हणाला, 'चाचा, इतक्या वर्षांनी घरी येताय, वापरातलं सामान म्हणून सोडतो. जा.' तर हे काय म्हणाले असतील?"

"खरं तां म्हणालो," मामू बाजल्यावरून म्हणाले.

"म्हणाले, 'वापरातलं नाय, कोरं हाय. पेंढा पण काढला नाय. दुसऱ्याला लावतोस ती डूटी मला लाव.' तो म्हणाला, 'चाचा, मी सवलत देतोय.' तर हे म्हणाले, 'सवलत नको.' मग काय? आपण होऊन डूटी मागणारा माणूस त्यानं जन्मात बघितलान नव्हता. त्याला वाटलं, ह्यात काहीतरी काळंबेरं हाय. त्यानं साहेबाला बोलावलंन. साहेबानं सगळ्या पेट्या उघडल्या. माझे परकर, माझ्या चोळ्या, सगळ्या बंदराला दाखवून झाल्या. वरती पैसे गेले ते गेलेच. ह्या कपांतून चहा पिताना मला आजपण ते परकर आठवतात."

मी पदरात तोंड लपवून हसत होते. मामू माझ्याकडे वळले. "पोरी, दुकानात आता काय खपतं?"

ह्यांना विचारायचं सोडून मला विचारलं. हे बाहेर मुलांना विहिरीपासून लांब ठेवत होते. मी म्हटलं, "हाँगकाँगचे टॉर्च."

"जपानी नाय?"

"त्याहून स्वस्त आलेत."

"हाँगकाँग कुणाचं?"

"इंग्रजांचं, असं हे म्हणतात."

मामू बाजल्यावर उठून बसले. डोळ्यांत जुना उजेड आला. "म्हणजे हाँगकाँग विलायतेची लेक! म्हणजे शेवटी इंग्रजांच्या घरचाच माल! विलायतेत त्याला सवलत असणार बघ. आता आई लेकीचे टॉर्च घेत असणार!"

"झालं सुरू," मुमानी म्हणाल्या.

"थांब गो. मला सांग पोरी, कुवेतात लोक तो माल चांगला म्हणून घेतात, की इंग्रजांच्या घरचा म्हणून?"

एरवी मी मान हलवली असती. पण ते एवढ्या आशेनं बघत होते, आणि त्यांच्याशी खोटं बोलायला मला जमेना. मी म्हटलं, "स्वस्त म्हणून, मामू."

मामू हसायला लागले, त्या दिवशी दारात हसले होते तसे. हसता हसता खोकला आला, मुमानी पाणी घेऊन धावल्या, पेला ढकलून ते माझ्याकडे बोट दाखवत राहिले. "हिला बसवायला हवी होती मी दुकानात," असं म्हणाले, आणि परत हसले.

आम्ही निघालो तेव्हा त्यांना दारापर्यंत येववलं नाही. बैलगाडीत मुलं चढली, पेट्या चढल्या, मी चढले. ओटीवरून मामूंचा आवाज येत होता. ते मुमानींना, स्वतःला, कुणाला कोण जाणे, पुन्हा पुन्हा सांगत होते, "स्वस्त म्हणून! म्हणते, स्वस्त म्हणून, मामू!" आणि हसत होते. गाडी मशिदीच्या वळणाला लागेपर्यंत ते ऐकू येत होतं. त्यानंतर मी त्यांचा आवाज ऐकला नाही.